शंभरात बावीस

नेपरव्हिल, १९ ऑगस्ट २०२५

चि. वैदेहीस ताईचे अनेक आशीर्वाद.

फोनच केला असता, पण निवृत्त होऊन दवाखाना बंद केल्यापासून हे सतत शेजारी असतात, म्हणून कागद घेतला. बाई गं, मला सवत आलीय. नाव डॅनी ऑर्डवे. इथल्या एका छोट्या क्लबात बेसबॉल खेळतो आणि भलीमोठी दाढी ठेवतो.

आजवरच्या सगळ्या कारकिर्दीत हा माणूस शंभरात बावीस वेळा फटका मारून बेसवर पोचलाय. लीगची सरासरी चोवीस. मी सरळ म्हटलं, म्हणजे तुमचा लाडका सरासरीहूनही खाली. तर चहा गार होईपर्यंत मला समजावत बसले. तो कॅचर आहे, बॅटवाल्याच्या मागे अख्खी मॅच उकिडवा बसून चेंडू झेलतो, त्याला सगळ्यांच्या रांगेत उभं करणं अनफेअर आहे. कॅचरांशीच कंपेअर करायचं, आणि कॅचरांची सरासरी एकवीस. शिवाय त्यांचं मैदान मोठं, वारा समोरून.

मला इतका हेवा वाटला त्या दाढीवाल्याचा. लग्न झाल्यापासून यांनी माझी पुरणपोळी सासूबाईंच्या पोळीशेजारी ठेवली आणि माझं गाणं तुझ्या गाण्याशेजारी. तेव्हा वारा कुठून येतो ते कुणी पाहिलं नाही. तू गुरुजींकडे शिकत राहिलीस, मी यांच्या नाइट ड्यूट्या आणि मुलं सांभाळली. तुझाही हेवा वाटतो, ते तुला ठाऊक आहेच.

सहा सप्टेंबरला मंडळाच्या गणपतीत मी गाणार आहे, कितीतरी वर्षांनी. नेमकी त्याच संध्याकाळी ऑर्डवेची निरोपाची मॅच. हे नुसतं बघू म्हणाले. मला ते पहिल्या रांगेत हवे आहेत. येतील असं वाटत नाही.

तुझ्या गुरुनाथांना नमस्कार. लोभ करतेसच, या महिन्यात थोडा जास्त कर.

तुझी
ताई

स्टेट कॉलेज, २७ ऑगस्ट २०२५

ती. सौ. ताईस धाकटीचा सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी खूप हसले, मग हसू आलं नाही. हेवा करण्याचा मक्ता काय तुझ्या एकटीकडे आहे? परवा युनिव्हर्सिटीत माझा कार्यक्रम झाला. गुरुनाथ मला घ्यायला आले आणि पार्किंग कसं मिळत नाही ते घरापर्यंत सांगत राहिले. गाण्याबद्दल चकार शब्द नाही. नरेंद्रभाऊजी तुलना करण्याइतकं तरी तुझं गाणं ऐकतात. मला कुणाच्या शेजारी ठेवावं हेही यांना कधी सुचलं नाही.

आता कामाचं. माझ्या पट्टीत गाऊ नकोस, अर्धा सूर खाली घे. उगाच वर जातेस आणि अंतऱ्यात अडकतेस. आणि भाऊजींच्या मागे लागू नकोस. मागे लागलं की ते हमखास नाही म्हणतात.

तुझा लोभ माझ्यावर आहेच, तो हेव्यासकट राहू दे.

तुझी
वैदेही

नेपरव्हिल, ९ सप्टेंबर २०२५

चि. वैदेहीस अनेक आशीर्वाद.

हे आले. पहिल्या रांगेत नाही, दाराजवळ बसले, कानात मॅचची कॉमेंटरी लावून. माझा जीव जळला. अर्धा सूर खाली घेऊनही मी अंतऱ्यात अडकलेच. सावरून मान वर केली, तर यांच्या कानात काही नव्हतं.

परतताना मी काही विचारलं नाही. हेच आपणहून म्हणाले की वैदेहीशी तुझी तुलना केली ती साफ चुकीची होती. घरदार सांभाळून पासष्टीनंतर पुन्हा गायला बसलेल्या बायकांशीच ती करायला हवी, आणि त्या लीगच्या सरासरीपेक्षा तू नक्की वर आहेस.

सरासरी हा शब्द ऐकून माझं डोकंच फिरलं. दोन दिवस मी यांच्याशी बोलले नाही. आज सकाळी मात्र राहवलं नाही. चहा पुढे ठेवला आणि विचारलं, किती वर?

हे अजून हिशेब करताहेत. ऑर्डवेची मॅच रेकॉर्ड करून ठेवलीय, ती बघायची राहिलीच आहे.

गुरुनाथांना हे पत्र मोठ्याने वाचून दाखव. तुझ्यावरचा लोभ आता अर्धा सूर वर.

तुझी
ताई