दादा, तुझी सिस्टीम मी काढून टाकली

आंबापाडा, ता. नवापूर
रविवार, उपासनेनंतर

प्रिय योहानदादा,

तुझ्या धाकट्या बहिणीचा, लिडियाचा, सलाम. सुरतेत थंडी पडली का, खोलीवर आंघोळीला गरम पाणी मिळतं का आणि मेसवाला अजून वरणात साखर घालतो का, ते कळव. (हे तिन्ही प्रश्न आईचे. तुझं वजन किती झालं हा चौथाही तिचाच, पण त्याचं उत्तर खोटं लिही, नाहीतर ती नागलीच्या पिठाचा डबा घेऊन थेट सुरतेला येईल.) आमचं बरं चाललंय. आईचा गुडघा जिना नसलेल्या घरातही दुखतो. बाबांचा खोकला कमी आहे. शेडमधल्या कोंबड्या मजेत आहेत, त्यांना काही माहीत नसतं.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण आपल्याकडे रेंज येते ती फक्त चर्चमागच्या टेकाडावर, आणि तिथे तुळशीबाई शेळ्या घेऊन बसलेली असते. मी एक वाक्य बोलले की संध्याकाळपर्यंत गावात त्याची तीन होतात. शिवाय तू फोनवर नुसतं 'हं, हं' करतोस. म्हणून पत्र. उद्या धुडकूकाकाचा अंड्यांचा टेम्पो सुरतेला निघेल, त्यात हे पाकीट अंड्यांइतकंच जपून येईल.

आधी कबुली देते. दादा, घरच्या कॉम्प्युटरवरची तुझी सिस्टीम मी काढून टाकली. तुला न विचारता. पुढचं वाचून मग काय ते रागव.

जाण्याआधी तू त्या एकाच मशीनमध्ये दोन सिस्टीम बसवून ठेवल्या होत्यास, बाबांसाठी विंडोज आणि तुझ्या शिकण्यासाठी लिनक्स. मशीन चालू केलं की काळ्या पडद्यावर दोन्हींची नावं यायची आणि दहा सेकंदांत खालचा बाण दाबून विंडोज निवडावं लागायचं. नाही दाबला, तर मशीन आपलं आपण तुझ्याकडे निघून जायचं. आता बाबांचं कसं होतं बघ. बटण दाबायचं, मग चष्मा शोधायचा, मग तो पुसायचा, मग तो बाण कुठे आहे ते शोधायचं (रोज तिथेच असतो, पण ते रोज नव्यानं शोधतात). एवढ्यात दहा सेकंद संपून पडद्यावर निळ्या स्वेटरमधला तुझा फोटो यायचा आणि खाली पासवर्डची चौकट. पासवर्ड कुणालाच माहीत नाही. एकदा बाबांनी तिथे स्वतःचं नाव टाकून पाहिलं. मी दारातून बघत होते. चाललं नाही. ते मशीन बंद करून शेडकडे गेले. आई मात्र खूष असायची. पडदा पुसायचा तो तुझा फोटो आल्यावरच, असा तिचा नियम होता.

मग ऑक्टोबरात नाताळची तयारी सुरू झाली. बाबा भजनी मंडळासाठी नवं गाणं टाइप करायला बसले (दोन बोटांनी, एका कडव्याला एक सकाळ) आणि साठवताना मशीन म्हणालं, जागा नाही. बाबांनी मला बोलावलं. मी शाळेत कॉम्प्युटर शिकवते, असं त्यांना वाटतं. मी मराठी शिकवते. कॉम्प्युटरचे सर बदलून गेले तेव्हा त्या खोलीची किल्ली माझ्याकडे आली, एवढंच. मी बघून सांगितलं की निम्मी जागा दादाच्या सिस्टीमनं अडवली आहे. बाबा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मग ते काढून टाक. इथे नाही त्याच्यासाठी जागा कशाला अडवायची?" हे ते लिनक्सबद्दलच बोलले असं मी धरून चालले. दोन वर्षांपूर्वी शेड सांभाळायचं सोडून तू निघालास, त्या दिवसापासून त्यांनी तुझं नाव घेतलेलं नव्हतं, हे तुला माहीत आहे. तुला विचारायचं नाही, असंही त्यांनी वर सांगितलं.

म्हणून मी टेकाडावर जाऊन एक व्हिडिओ लावला. हिंदीत बोलणारे एक हसरे गृहस्थ सांगत होते की पाच मिनिटांचं काम आहे. विंडोजमध्ये जा, डिस्कचे भाग दाखवणारी खिडकी उघडा, ज्या भागांना नाव नाही ते पुसून टाका. मी सगळं वहीत उतरवून घेतलं. मग ते म्हणाले, "और अब सबसे ज़रूरी बात," आणि माझा नेट पॅक संपला. मला वाटलं, सबसे ज़रूरी बात म्हणजे चॅनेल सबस्क्राइब करा.

घरी येऊन मी दोन बिननावाचे भाग पुसले. खरंच पाच मिनिटं लागली. बाबांना हाक मारली, आईला हाक मारली आणि सगळ्यांसमोर मशीन पुन्हा चालू केलं. काळा पडदा आला, पांढऱ्या अक्षरांत 'असा भाग सापडत नाही' अशा अर्थाची इंग्रजी ओळ आली, खाली 'ग्रब रेस्क्यू' आणि पुढे लुकलुकणारी रेघ. आईनं विचारलं, काय लिहिलंय. मी म्हटलं, सुटका. ती म्हणाली, कुणाची? (आता कळलंय: दोन नावं दाखवणारा तो पहिला पडदा तुझ्या लिनक्सचाच होता. मी लिनक्स पुसलं, त्यासोबत विंडोजकडे जायची वाटही पुसली.)

तुला आठवतं ना, छप्पर गळून गाण्यांच्या वह्या भिजल्या, तेव्हा तीन महिने रोज संध्याकाळी बाबा आपल्या बोलीतली गाणी म्हणायचे आणि तू टाइप करायचास. एकशे त्रेचाळीस गाणी. त्यातली बारा नानीबाईंनी स्वतः रचलेली, आणि नानीबाई आता नाहीत. दुसरी प्रत कुठेच नव्हती. बाबा त्या लुकलुकत्या रेघेसमोर जेवणाची वेळ होईपर्यंत बसून होते.

दुसऱ्या दिवशी मी मशीनचा डबा शालीत गुंडाळून जीपनं नवापूरला नेला. मांडीवर असा धरला होता की एका आजीनं सरकून जागा दिली आणि शाल उचलून बघितल्यावर परत घेतली. दुकानातल्या भरतनं डबा उघडलाही नाही. "फॉर्मॅट मारनं पडी, ताई. दुसरा इलाज नही शे." मी विचारलं, सगळं पुसलं तर आतली गाणी? तो म्हणाला, मोबाइलवर सगळी मिळतात. मी डबा शालीत गुंडाळला आणि पुढच्या जीपनं घरी आणला.

त्या दिवशी जेवताना आईनं विचारलं, पोराचं स्वतःचं काही होतं का त्यात, फोटो, कागद? दादा, हे मी पुसताना विचारसुद्धा केला नव्हता. तुझं काय काय गेलं ते मला माहीत नाही, आणि त्याची माफी मागायला मी इतकी पानं भरली आहेत. आई त्या सकाळीच फडकं घेऊन काळ्या पडद्यापाशी गेली होती आणि तशीच परत आली होती.

मग बाबांनी भाकरी मोडता मोडता खाली बघून विचारलं, "योहानला विचारलं का?"

मी म्हटलं, तुम्हीच नको म्हणालात. ते म्हणाले, मी लिनक्सबद्दल म्हटलं असेल.

तर मशीन कोपऱ्यात बंद आहे, वायर काढून ठेवली आहे, आणि भजनी मंडळ रोज विचारतं. तुला सुट्टी मिळाली तर येऊन बघशील का?

तुझी,
लिडिया

ता. क. वर मशीन 'बंद आहे' असं लिहिलंय. ते खरं आहे. 'बिघडलेलं आहे' असं मी आता कुठेही लिहिलेलं नाही, हवं तर पुन्हा वाच. बुधवारी पॅक भरून व्हिडिओचा उरलेला भाग पाहिला. सबसे ज़रूरी बात सबस्क्राइबची नव्हती, विंडोजची वाट परत बसवायची होती. शाळेच्या कपाटात विंडोजची सीडी सापडली, ती घालून दुरुस्तीत एक ओळ टाइप केली आणि मशीन चालू झालं. गाणी सगळी आहेत, मी मोजली. पेन ड्राइव्हवर प्रतही केली.

ता. क. २. बाबांना हे सांगितलेलं नाही. मशीन बंद पडल्यापासून त्यांनी तुझं नाव सहा वेळा घेतलंय. एवढ्यात चालू करून कसं चालेल? तू ये, पडद्यासमोर अर्धा तास कपाळाला आठ्या घालून बस, आणि मग बटण दाब.

(खाली वेगळ्या अक्षरात)

योहान,
पाकीट धुडकूकडे पोचवायला मी आणलं. चिकटवलेलं नव्हतं. बुधवारी मशीन चालू झालं ते मला बुधवारीच कळलं, त्याच्या पंख्याचा आवाज शेडपर्यंत येतो. लिडिया शाळेत गेली की मी वायर लावतो. तिला सांगू नकोस, तिला बरं वाटतंय.
गाणी वाचून काढली. तू टाइप केलेल्यांत सदतीस चुका आहेत. मला दुरुस्त करता येतात, पण मी करणार नाही. बावीस डिसेंबरला शेवटची तालीम आहे. त्याआधी येऊन तूच कर.
बाबा