वीतभर अलीकडे

३ फेब्रुवारी, सकाळी ११
मेटल डिटेक्टर आला. आठवड्याभरात हिची अंगठी सापडणार. फार तर दहा दिवस.

अंगठी हरवण्यात माझा दोष नाही, हे इथे नोंदवून ठेवतो. मागच्या मैदानात बॅडमिंटन खेळताना बायकोने ती मला सांभाळायला दिली, मी खिशात ठेवली. खिशाला भोक होतं आणि ते कोणी शिवलेलं नव्हतं. अंगठी तिच्या आईची. त्या दिवसापासून ही मला घराची किल्लीसुद्धा हातात देत नाही.

दुकानदार म्हणाला, पेटीत वायरचे हेडफोन आहेत, तेच वापरा. जुन्या वळणाचा माणूस. मी पस्तीस वर्षं ऑफिसच्या खुर्चीला बांधलेला होतो, आता वायर नको. हिचे ब्लूटूथ हेडफोन घेतले. विचारणार होतो, पण ती स्वयंपाकघरात चिडलेली होती. निवृत्त झाल्यावर मी सगळ्या डब्यांच्या जागा बदलून लेबलं लावली, ती सुधारणा तिला अजून पचलेली नाही.

४ फेब्रुवारी
सहा ते आठ मैदान. कानात खणखणीत टुंग, चोवीस वेळा. खड्डे चोवीस. वस्तू शून्य. जमिनीतच काहीतरी खोट आहे.

आठला ही चहाचा थर्मास घेऊन आली. खणलेला खड्डा बुजवायचा, हा आमच्या छंदाचा नियम. माझ्या कमरेमुळे तो तिने पाळायचा असं ठरलं. मी ठरवलं.

६ फेब्रुवारी
मैदानाचा माळी येऊन म्हणे, साहेब, तुमच्या यंत्राचा लाल दिवा लागतो इथं आणि तुम्ही खणता तिथं, वीतभर अलीकडे बघा की. वायरलेस तंत्रज्ञानातलं माळ्याला काय कळतं! दुर्लक्ष केलं.

७ फेब्रुवारी, दुपार
इंटरनेटवर वाचलं. ब्लूटूथमध्ये आवाज कानात पोहोचायला किंचित उशीर होतो, तोवर हात पुढे सरकलेला असतो. म्हणजे हेडफोनांनी मला चार दिवस फसवलं. सरळ सरळ विश्वासघात. आणि तो माळ्याला आधी कळावा!

उद्यापासून वीतभर अलीकडे खणणार. वायर मात्र लावणार नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे.

८ फेब्रुवारी
यंत्र डावीकडून उजवीकडे जाताना अलीकडे म्हणजे डावीकडे. परत येताना अलीकडे म्हणजे उजवीकडे. हे खणताना लक्षात राहत नाही. आज दोन-दोन विती चुकलो असण्याची शक्यता आहे.

११ फेब्रुवारी
खड्डे एकतीस. बुजवता बुजवता ही मध्येच खाली बसली. बराच वेळ उठेना. चक्कर आली का विचारलं, तर म्हणाली बुटात खडा गेला. चप्पल घालून आली होती. वयाचा परिणाम. काळजी घ्यायला हवी.

१२ फेब्रुवारी
आजपासून ही बागकामाचे हातमोजे घालून येते. मातीने नखं खराब होतात म्हणे. स्वतःहून म्हणाली, घाई करू नका, सावकाश शोधा. दोन बिस्किटं जास्त दिली. आणि घराची किल्ली माझ्याकडे दिली! माझ्या चिकाटीचा परिणाम. अंगठी सापडायच्या आधीच विश्वास परत आला.

१७ फेब्रुवारी
खड्डे मोजणं बंद केलं. आकड्यांनी मन खचतं. कंबरही.

२१ फेब्रुवारी, सकाळी ८.२०, मैदानातच
वही गुडघ्यावर ठेवून लिहितोय, अक्षर वाईट येईल.

ही आज पहिल्यांदाच फोन घेऊन आली होती, बाकावर बसून बघत होती. माझ्या कानातली टुंग टुंग अचानक थांबली आणि धाकट्या मेव्हणीचा आवाज आला. खुरपं पायावर पडलं. हे हेडफोन मुळात हिच्या फोनच्या ओळखीचे. तो जवळ दिसताच मला सोडून तिकडे गेले. व्हॉइस मेसेज हिने लावला, वाजला माझ्या कानात.

म्हणे, ताई, अंगठी सापडून दहा दिवस झाले, आता तरी भाऊजींना सांग, बिचारे अजून खणतायत. पण तुझंही बरोबर आहे. सांगितलंस की ते पुन्हा पहाटेपासून स्वयंपाकघरात सूचना द्यायला हजर. सहा ते आठ घर तुझं असतं, तेवढंही जाईल.

हिला काही ऐकू आलं नाही, म्हणून तिने मेसेज परत लावला. मग आवाज वाढवून तिसऱ्यांदा. बिचारे हा शब्द मी तीनदा ऐकला, शेवटी फार मोठ्याने.

दहा दिवस. रोज समोर उभी राहून खड्डे बुजवत होती! फार लागलं मनाला.

त्याच दिवशी, दुपार
जाब विचारायचा. मुद्दे काढले. एक, विश्वास. दोन, माझी कंबर. तीन, पस्तीस वर्षांचा संसार. तडक स्वयंपाकघरात गेलो. ही गुणगुणत होती. डबे सगळे जुन्या जागी, एकावरही लेबल नाही. कधी काढली कोण जाणे, मला दिसलंच नव्हतं.

काय हवंय, असं तिने विचारलं. साखर कुठे आहे विचारलं आणि परत आलो.

२२ फेब्रुवारी, सकाळी ९
साडेपाचलाच माझे बूट आणि यंत्र दाराशी काढून ठेवलेलं. गेलो. वायरचे हेडफोन लावले. पहिल्याच टुंगला खणलं. बाटलीचं झाकण. खड्ड्याच्या बरोब्बर मध्यभागी.

आठला ही आली. काही मिळालं का, विचारलं. झाकण दाखवलं. तिने ते हातात घेऊन उलटंसुलटं करून पाहिलं, छान आहे म्हणाली. हातमोजा काढला नाही. मीही काढ म्हणालो नाही.

उद्यापासून साडेआठपर्यंत थांबणार, थर्मास तेव्हाच आण म्हणालो. मैदानाची पलीकडची बाजू अजून बाकी आहे.