रायफल माझीच होती

प्लेनो, टेक्सस, शनिवार संध्याकाळ, मार्च २०२०

अजून राग उतरलेला नाही. कोरोनाच्या धास्तीनं सगळं शहर बंदुका घ्यायला धावलंय. दुकानाची भिंत रिकामी होती, फक्त मी फोनवरून होल्ड करून ठेवलेली सेमी-ऑटोमॅटिक रायफल शिल्लक. माझी पहिली. शेजारची दोन घरं फोडली तेव्हापासून, म्हणजे दोन महिने, मी शूटिंग रेंजवर जाऊन शिकतेय. फॉर्म माझ्या नावाचा, सही माझी. पण काउंटरवरचा माणूस प्रत्येक प्रश्न माझ्या नवऱ्याला विचारत होता. "सर, यांना वजन झेपेल ना? सर, आधी कधी चालवलीय?" श्रीकांतला साधी छऱ्याची बंदूकही धरता येत नाही!

आणि श्रीकांतनं काय करावं? हसत म्हणाला, "खरं तर माझ्यासाठीच घेतोय." का? त्या माणसापुढे कमीपणा वाटला म्हणून?

काउंटरवाल्यानं फॉर्म तिथंच फाडला. दुसऱ्यासाठी आपल्या नावावर बंदूक घेणं इथं गुन्हा आहे. "अहो, ती माझीच आहे," मी दहादा सांगितलं. ऐकलं नाही. मागे रांगेत उभ्या असलेल्या माणसाला ती मिळाली. तोही 'सर'च.

गाडीत श्रीकांत म्हणतो, "अगं, सहज बोलून गेलो. सोड ना यार."

सोडू? मंगळवारी नवा माल येतोय. मी एकटी जाणार, दुकान उघडायच्या आधी.

पण खरा संताप वेगळाच आहे. निघताना त्या काउंटरवाल्याला मी 'सॉरी' म्हणाले. मी!