ज्याचं रक्त, त्याचं तोंड

बाई, काल आमच्या लॅबमधल्या नव्या पोरीनं एक रिपोर्ट माझ्यापुढे धरला. स्वादुपिंडाला सूज आलेला पेशंट, आयसीयूत, रक्तात जंतू, आणि मशीननं छापलेल्या औषधांच्या नावांपुढे वरपासून खालपर्यंत एकच अक्षर, आर. म्हणजे यातलं काहीच चालणार नाही. "मॅडम, असाच वर पाठवू?" तिनं विचारलं, आणि माझ्या तोंडून तुमचं वाक्य निघालं, "आधी ज्याचं रक्त, त्याचं तोंड पाहून ये." मला वेड लागलंय की काय अशा नजरेनं बघत ती जिना चढून गेली. तेव्हापासून तुम्ही डोक्यातून हलत नाही आहात. म्हटलं, लिहूनच टाकावं.

तुमची ती तळघरातली लॅब म्हणजे स्वयंपाकघरच होतं. सकाळी तुम्ही पदर खोचून जंतूंसाठी जेली शिजवायला घ्यायचात, आणि मी आलेय हे न बघताच म्हणायचात, "अगं, आच कमी कर, उतू जाईल." मी खाडीकाठच्या आगरी गावातून आलेली, नुकता डीएमएलटी, म्हणजे लॅबचा डिप्लोमा, झालेला, आमच्या आळीतली पांढरा कोट घालणारी पहिली पोरगी. त्यामुळे अंगात शिष्टपणा भरपूर. एकदा रिपोर्ट लिहून तुमच्यापुढे ठेवला, तर तुम्ही तो वाचलातच नाही. "पेशंटला चष्मा आहे का गं?" मी पेशंट बघितलाच नव्हता. "मग तुला कुणाचा रिपोर्ट लिहायचा होता? जा, बघून ये." मी पाय आपटत वर गेले. चष्मा होता, आणि त्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली होती. ते सांगितल्यावरच तुम्ही सही केलीत. हॉस्पिटलमध्ये बाकी सगळे तुम्हाला चक्रम म्हणायचे. मीही म्हणायचे, पण प्रेमानं.

माझं लग्न ठरलं आणि त्याच हिवाळ्यात आई तुमच्याच हॉस्पिटलात येऊन पडली. पित्ताशयातला खडा सरकून स्वादुपिंड सुजलेलं. पोटात दुखणं असं की, भरल्या टोपल्या डोक्यावर वाहणारी माझी आई चादरीचं टोक दातांत धरायची. तोंडानं पाण्याचा थेंबसुद्धा बंद, नाकात नळी, मानेतल्या शिरेत नळी. बरं वाटतंय असं म्हणेपर्यंत हुडहुडी भरून ताप आला, आणि चालू असलेल्या औषधांना तो जुमानेना. तिच्या रक्ताची बाटली आपल्याच लॅबमध्ये आली. मी ती हातात घेतली तर तुम्ही काढून घेतलीत. "आज तू फक्त मुलगी आहेस. वर जाऊन बस. मी येते."

आणि तुम्ही आलात. आई तापानं फणफणलेली, तरी तिनं तुम्हाला नीट न्याहाळलं. "बाय, लेकीचं लगीन हाय. धवला कोन बोलंल?" तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी समजावलं की आमच्यात लग्नाचे विधी धवलारीण लावते, धवले गाऊन देवांना, पितरांना एकेकाचं नाव घेऊन मांडवात बोलावते, आणि आमच्या गावची धवलारीण म्हणजे आईच. "आणि भटजी?" तुम्ही विचारलंत. आई नाकातल्या नळीसकट म्हणाली, "त्यो येतं मागशी. पयली मी." तुम्हाला हसू आवरेना. जाताना तुम्ही तिचा पाय हलकेच दाबलात आणि म्हणालात, "मग तुम्हीच म्हणायचा. तोवर मांडव थांबेल." माझा जीव टांगणीला लागलेला, आणि तुम्ही दोघी मुहूर्ताच्या गोष्टी करताय. मला तेव्हा तुमचा रागच आला होता.

तिसऱ्या दिवशी आईच्या रक्तातल्या जंतूंची प्लेट पाहिली. तुम्ही मला बघू दिलीत, हात लावू दिला नाहीत. जेलीवर जंतूंची जाड साय, तिच्यावर औषधात भिजवलेल्या कागदाच्या टिकल्या. औषध चालत असलं तर टिकलीभोवती स्वच्छ गोल पडतो. इथे साय प्रत्येक टिकलीला जाऊन चिकटलेली, एकीभोवतीही गोल नाही. त्यात वरून आयसीयूचे डॉक्टर तरातरा खाली आले. झालं होतं असं की माझ्या आत्यानं गावदेवीची हळद आणून आईच्या मानेतल्या नळीभोवती छान लेप दिला होता. लग्नघरातली बाई, हळद लागायलाच हवी, शिवाय हळदीनं जखम भरते, असा तिचा साधा हिशोब. डॉक्टर मला म्हणाले, "तुम्ही लोकांनीच इन्फेक्शन घातलंत." मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

तुम्ही शीतकपाटातून दुसरी प्लेट काढलीत आणि आईच्या प्लेटशेजारी ठेवलीत. ती आईच्या बाजूच्या खाटेवरच्या एका आजोबांची होती, आधीच्या आठवड्यातली. तोच जंतू, त्याच सवयींचा, त्याच टिकल्यांना न जुमानणारा. "डॉक्टर, हळद लावायला नको होती, ते मी त्यांना सांगेन. पण हा जंतू गावदेवीच्या देवळातला नाही. हा आपल्या वॉर्डातला आहे, आपल्या हातांवरून फिरतोय. ती मानेतली नळी आज काढा." तुमचा आवाज जराही चढला नव्हता. डॉक्टरांनी दोन्ही प्लेटी उचलून उजेडात धरल्या. मग म्हणाले, "काढतो. पण द्यायचं काय?"

आदल्या दिवशीच तुम्ही एक जादा प्लेट लावून ठेवली होतीत, हे मला माहीतच नव्हतं. एक जुनं औषध, किडनीला त्रास देतं म्हणून सगळ्यांनी बाजूला टाकलेलं. त्या टिकलीभोवती गोल होता. बाई, पौर्णिमेचा चंद्रसुद्धा मी इतका डोळे भरून कधी पाहिला नाही. औषध मात्र हॉस्पिटलात नव्हतं. माझा होणारा नवरा वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात फिटर, तो कामावरून तसाच स्कूटर घेऊन निघाला. माजिवड्यापासून कल्याणपर्यंत औषधांची दुकानं पालथी घातली, आणि डोंबिवलीतल्या एका दुकानदारानं मागच्या कपाटातून खोकं काढून दिलं. परत आला तेव्हा शीळफाट्याच्या धुळीनं त्याच्या भुवया पांढऱ्या झालेल्या. आई डोळे किलकिले करून म्हणाली, "ह्यो म्हातारा कोन?" तेव्हाच मला वाटलं, ही जगते.

जगली. डॉक्टर रोज किडनीचे आकडे मागवायचे आणि रोज जाता-येता दारातल्या बेसिनवर हात धुवायचे, तुम्ही बघत असा वा नसा. ताप उतरला, नाकातली नळी निघाली, आणि पेजेचा पहिला घोट घेऊन आईनं तोंड वाकडं केलं. तिला जवळा हवा होता. तुम्ही म्हणालात, "लग्नानंतर." ती म्हणाली, "तुमच्या हातचा?" तुम्ही जन्माच्या शाकाहारी, पण तिला नाही म्हणाला नाहीत.

लग्नाच्या सकाळी तुम्ही मांडवात आलात, निळं इरकल नेसून. आहेर म्हणून तुम्ही मला जंतू उचलायची तार दिलीत, मखमलीच्या डबीत. ती बायकांच्या हातून हातात फिरली आणि सासूबाईंनी कौतुकानं विचारलं, "कानकोरणी चांदीची का?" तुम्ही गंभीरपणे हो म्हणालात. मग आई पाटावर बसली. वाळून अर्धी झालेली, आवाज बारीक, पण सूर पक्का. गणपतीला बोलावलं, गावदेवीला बोलावलं, खाडीला, माझ्या गेलेल्या बापाला बोलावलं. आणि मग तिनं तुमचं नाव घेतलं. मांडवातल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. तुम्ही कावऱ्याबावऱ्या होऊन पुढे वाकलात, "अहो, मी जिवंत आहे अजून." आई सूर न सोडता म्हणाली, "म्हनून तं समोर बसवलंय." तुम्ही चष्मा काढून पदरानं पुसत राहिलात, किती वेळ तरी. मी नवरी असूनही रडायचं विसरले आणि हसत सुटले. इतका आनंद मला परत कधी झाला नाही.

तुम्ही गेलात तेव्हा मी बाळंतपणाला माहेरी होते. आईला सांगितलं. त्यानंतरच्या लग्नात तिनं तुमचं नाव पितरांच्या रांगेत घेतलं, आणि मरेपर्यंत प्रत्येक मांडवात घेत राहिली. आता गावात धवलारीण मी आहे, लॅब सांभाळून. खरं सांगते, माझा आवाज बरा नाही, खालच्या सुरात फाटतो, आणि आईचे निम्मे धवले मला येतही नाहीत. पण तुमचं नाव चुकत नाही. ते इथे कागदावर लिहीत नाही, ते मांडवातच घ्यायचं. हा कागदही मी पोस्टात टाकणार नाही. परवा एका नवरीनं मध्येच विचारलं, "मावशी, ही कुठली गो देवी?" ती लॅबवाली बाई होती, असं सांगायला हवं होतं. मी म्हटलं, आपलीच, ठाण्याची.