फेस येत नाही म्हणून

४ फेब्रुवारी

तीर्थस्वरूप वन्संना,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर बोलावं तर आई समोरच खुर्चीत असतात, आणि दोन खोल्यांत आवाज लपवायला जागा नाही. म्हणून पत्र. तशी खुशाली आहे. यांच्या छापखान्यात आता आठवड्याचे तीनच दिवस काम. उरलेले दिवस सकाळी घरात येरझारा आणि दुपारी दुसरं काम शोधायला बाहेर. माझं शिवणकेंद्र अकरा ते चार चालू आहे, पण ओढाताण होते. जिथे हात आखडता घेता येईल तिथे घेतेय.

पहिली कुऱ्हाड कपड्यांच्या पावडरीवर पडली. ती आता मी घरीच करते. साबणाच्या वड्या किसायच्या, कीस दोन दिवस सावलीत वाळवायचा, त्यात तेवढाच धुण्याचा सोडा आणि मूठभर टाकणखार कालवून बरणी भरायची. किसून किसून मनगट धरलंय. परवा यांनी ताटलीतला कीस खायचा समजून तोंडात टाकला आणि तासभर चुळा भरत बसले! आई खूप हसल्या. बरं वाटलं, कारण हल्ली त्या हसत नाहीत. जेवणही कमी झालंय. विचारलं तर वयावर ढकलतात.

कपडे स्वच्छ निघतात, फक्त फेस बेताचाच येतो. तुम्ही या कामातल्या म्हणून विचारते, माझं काही चुकत तर नाही ना?

लोभ आहेच, तो विरू देऊ नका.
तुमची वहिनी

९ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,
स. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी धुलाईघरात एकटीच हसत सुटले. शेजारच्या यंत्रावरच्या बाईला वाटलं, हिचं डोकं फिरलं. आमच्या ठोंब्याला लहानपणापासून दिसेल ते तोंडात घालायची खोड आहे. आता त्यालाच कीस पाडायला बसव. येरझारांनी चप्पल झिजते, त्यापेक्षा साबण झिजलेला बरा.

इस्पितळाच्या चादरी धुण्यात माझी एकोणीस वर्षं गेली, म्हणून सांगते. फेस हा नुसता देखावा. बादलीला दोन चमचे पुरे. कपडे मात्र दोनदा चांगल्या पाण्यातून काढ, कारण सोडा कपड्यात राहिला तर कातडी खातो.

आईचं जेवण कमी झालं हे मला आवडलं नाही. वजन उतरलंय का? मला काळजी वाटेल म्हणून काही गाळू नकोस. न लिहिलेल्याचीच काळजी जास्त लागते.

माया आहे तशीच राहो.
तुझी वन्सं

१७ फेब्रुवारी

तीर्थस्वरूप वन्संना,
शि. सा. न. वि. वि.

माझ्या हातून फार वाईट घडलंय. चार दिवसांपूर्वी आईंना लुगडं सावरायला मदत करत होते, तेव्हा मांड्यांवर लालभडक चट्टे दिसले. त्यांचे हात तर बघवत नाहीत. तळवे सोललेत, बोटांच्या बेचक्यांत चिरा पडल्यात. विचारलं तर हवा कोरडी आहे म्हणाल्या आणि हात पदराखाली घेतले.

वन्सं, मी शपथेवर सांगते, मी मापानेच पावडर घालते आणि दोनदा कपडे खळबळते. तरी हे माझ्याच पावडरीनं झालं असणार, दुसरं काय? यांना अजून सांगितलेलं नाही. चार पैसे वाचवायला माझ्या आईची सालं काढलीस, असं हे म्हणाले तर मी कोणत्या तोंडानं उत्तर देऊ?

आणखी एक कोडं आहे. महिनाभर पुरायची ती बरणी दहा दिवसांत तळाला गेली. यांना विचारलं तर एकदा चाखली तेवढी जन्माला पुरे, असं उत्तर मिळालं. मग मी दुकानातून विकतची पुडी आणली, तर तीही कोणीतरी पोखरतंय. चट्टे काही कमी होत नाहीत.

तुम्ही गाळू नको म्हणालात म्हणून लिहिते. आईंच्या चोळ्या अंगात लोंबायला लागल्यात. पाणी मात्र सारखं लागतं त्यांना, तांब्या खाली ठेवला की पुन्हा उचलतात. शिवताना मशीनवर माझं लक्ष लागत नाही. काल दोन बाह्या उलट्या जोडल्या.

रागावलात तरी लोभ तोडू नका.
तुमची वहिनी

२० फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

घाईत लिहितेय, मायना राहू दे. ही तुझी चूक नाही.

चट्टे मांड्यांवर, हात सोललेले, पावडर संपते. तू असतेस कामावर, ठोंब्या बाहेर. आई घरी एकटी स्वतःची चादर धुतेय, असं माझं मन सांगतं. का धुतेय, ते तुला फोडून सांगायला नको. आमच्याकडे अशा चादरी रोज येतात. इथे कुणाला त्याचं काही वाटत नाही, पण ज्याची चादर त्याला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

आईला एकदम विचारू नकोस, ती साफ नाकारेल. एक दिवस लवकर घरी जा. आणि डॉक्टरांकडे लगेच ने, रक्त आणि लघवी दोन्ही तपासून घे. तहान लागते, वजन उतरतं, याची मला धास्ती वाटतेय. रजा मागितली आहे, अजून मिळाली नाही.

वन्सं

२४ फेब्रुवारी

तीर्थस्वरूप वन्संना,
शि. सा. न. वि. वि.

तुमचा अंदाज खरा निघाला. शनिवारी डोकं दुखतंय सांगून मी दीडलाच केंद्रातून निघाले. मोरीचं दार लोटलेलं होतं. आत आई खाली बसून बादलीतली चादर पिळायचा प्रयत्न करत होत्या. एक टोक पायाखाली धरलेलं, दुसरं हातात, आणि पीळ काही बसत नव्हता. मला बघून त्यांनी चादर पोटाशी घेतली. सगळं लुगडं भिजलं.

मी दुसरं टोक धरलं आणि आम्ही दोघींनी मिळून ती पिळली. मग त्या रडत रडत सांगायला लागल्या. महिन्याभरापासून झोपेत कळतच नाही म्हणे. फेस येत नाही म्हणून चादर निघालीच नाही असं वाटायचं, मग मुठीमुठीनं पावडर घालत गेल्या. खळबळायला बादली उचलत नव्हती. तशीच सोड्याची चादर दाराआड वाळवायची आणि मी यायच्या आत अर्धी ओली अंथरायची. रोज!

मला का सांगितलं नाही, असं विचारलं. तर म्हणाल्या, समोरच्या मास्तरीणबाईंचंही असंच सुरू झालं होतं, आणि चौथ्या महिन्यात त्यांना वृद्धाश्रमात पोचवलं. घरात आधीच ओढाताण, त्यात माझी भर कशाला, असंही म्हणाल्या. वन्सं, बारा वर्षं एका घरात राहून त्यांना माझी भीती वाटली. ते मला चट्ट्यांपेक्षा जास्त लागलं.

यांना सगळं सांगितलं. यांनी उठून चादर परत धुतली, चांगल्या चार पाण्यांतून काढली. काल तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी काही सांगितलं नाही, कागद बघून बोलू म्हणाले. तोवर जीव टांगणीला आहे.

लोभाची आज फार गरज आहे.
तुमची वहिनी

५ मार्च

चि. थोरलीस,
अनेक आशीर्वाद.

हाताला मलम आहे, म्हणून अक्षर वाकडं. तिकडे बसून आईचं गुपित फोडलंस, त्याचा राग चार दिवस होता. आता गेला.

रक्तात साखर निघाली, भरपूर. लघवीतही दोष आहे. दोन्हीवर औषध सुरू झालंय, आणि चादरीचं बरंचसं थांबेल असं डॉक्टर म्हणतात. बरंचसं म्हणजे किती, ते विचारायचं धैर्य मला झालं नाही. ठोंब्या रोज संध्याकाळी मला गल्लीच्या टोकापर्यंत चालवतो आणि वाटेत एक शब्द बोलत नाही. बापावर गेलाय.

भीती अजून गेलेली नाही. पहाटे जाग आली की आधी हात अंथरुणावर जातो. चार दिवस कोरडं होतं. आज ओलं लागलं. मी तशीच पडून राहिले. सूनबाई कामाला जाईपर्यंत दम धरावा, असं पुन्हा मनात आलं. मग तिला हाक मारली. पहिल्या हाकेला माझा आवाजच फुटला नाही. दुसऱ्या हाकेला ती आली.

रजा मिळाली की ये. तुला बघावंसं वाटतं.

तुझी आई