रमिलाची संगत

शुक्रवार, संध्याकाळ. नवापूर

रविवारी चर्चमध्ये मला वाईट संगतीवर बोलायचंय. पाळकसाहेब सहज म्हणाले, बायबलमध्ये प्रेषितानं दिलेला 'वाईट संगतीनं चांगली नीती बिघडते' हा इशारा मुळात एका ग्रीक नाटककाराचा. म्हणजे दुसरेच देव मानणाऱ्याचा? मग प्रेषितानं त्याची संगत कशी केली?

आज बाजारात रमिला दिसली. माझी लहानपणची मैत्रीण, हल्ली मोहाची दारू विकते. चर्चमधल्या बायका बघत होत्या, म्हणून मी तोंड फिरवलं. तिनं मागून कारण विचारलं, "काब्र बोलत नही वं मन्हासंगे?" मी वांगी निवडत राहिले.

माझ्या बाळंतपणात महिनाभर धुणं हिनंच धुतलं. दारूचा थेंबही कधी पुढे केला नाही. मग मी बिघडणार कशी? की बिघडलेलं आपलं आपल्याला कळतच नाही? त्या नाटककाराचे शब्द चालतात, रमिलाची हाक चालत नाही.

राहवेना, म्हणून दिवस मावळायच्या आत तिच्या घरी गेले. माफी मागणार होते. तिनं दार अर्धंच उघडलं, रस्त्याकडे पाहिलं.

"तुले कोनी देखी लेई. घर जाय."

आणि दार लावून घेतलं. रागानं की माझ्या काळजीनं, मला अजून कळत नाही.