सहाव्या आठवड्यातला ताप

प्रिय सूनबाई,

पत्र बघून दचकू नकोस. माझी तब्येत ठीक आहे. गुडघा कुरकुरतो, पण तो तुझ्या लग्नाच्या आधीपासून कुरकुरतोय. फोनवर जमलं नाही म्हणून लिहायला बसले. गेल्या आठवड्यात तीनदा तुला फोन लावला आणि तिन्ही वेळा हवा कशी आहे, माझा नातू बोकोबा दूध नीट पितो का, एवढंच विचारून ठेवून दिला. तिसऱ्या वेळी तू विचारलंस, "आई, तुम्हाला काही सांगायचं होतं का?" मी म्हटलं, छे, काही नाही. मग बराच वेळ फोन हातात धरून बसून राहिले.

इकडे सगळं तसंच आहे. आठवड्यातले चार दिवस दुकानात जाते. कुणाची पँट आखूड करायची, कुणाच्या कोटाची चेन बदलायची, कुणी बारीक झालेलं असतं, बरेचसे जाड झालेले असतात. मालकीणबाई म्हणतात, तुम्ही पूर्वी कामाबरोबर बोलायचात, आता नुसतं काम करता. घरी आल्यावर रेडिओ लावते. ऐकत नाही, पण घरात कुणीतरी बोलत असलेलं बरं वाटतं. स्वयंपाकाचा अंदाज अजून चुकतो. तुझे सासरे जाऊन चार वर्षं झाली तरी हात दोघांचंच माप घेतो, आणि मग मी दोन दिवस तेच खाते. तुमच्याकडे ते दोन महिने राहिले आणि सवय बिघडली बघ. तिथे सकाळी उठलं की आधी बोकोबाच्या रडण्याचा आवाज यायचा. इथे पाण्याच्या टाकीचा येतो.

त्या दोन महिन्यांबद्दलच लिहायचंय.

तुला आठवतं, मी आले तेव्हा तो सात दिवसांचा होता आणि तू फ्रिजवर कागद चिकटवला होतास. वर लिहिलं होतं, 'घरीच लक्ष ठेवायचं', मग 'दवाखान्यात फोन करायचा', आणि खाली लाल पेनाने, 'लगेच निघायचं'. मला हसू आलं होतं. मी तुझ्या नवऱ्याला म्हटलंसुद्धा, तुझ्या बायकोने पोराचं टाइमटेबल लावलंय. त्याला उचकी लागली की तू घड्याळ बघायचीस. त्याने दूध बाहेर काढलं की किती काढलं ते वाकून बघायचीस. शिंकला तरी तुला वाटायचं सर्दी झाली. मी म्हणायचे, अगं, उचकी सगळ्याच पोरांना लागते, दूध थोडं थोडं बाहेर येणारच, वजन वाढतंय ना, मग झालं. गालावर लाल पुरळ आलं तेव्हा मी सांगितलं होतं की आपोआप जाईल, आणि ते गेलं. त्याला चार दिवस शी झाली नाही तेव्हा तू रडकुंडीला आली होतीस. मी म्हटलं, पोट मऊ आहे, खेळतोय, पितोय, थांब जरा. तू दवाखान्यात फोन केलास आणि तिथल्या नर्सने नेमकं तेच सांगितलं. पाचव्या दिवशी त्याने तुझ्या नवऱ्याची इस्त्रीची पँट खराब केली आणि आपण तिघंही हसलो. एकामागून एक मी बरोबर निघत गेले, सूनबाई, आणि माझी मान ताठ झाली. तुझ्या त्या कागदाकडे मी बघेनाशी झाले.

मग तो बुधवार आला. तुझा नवरा कामासाठी बाहेरगावी गेला होता. सकाळपासून बोकोबा नुसता झोपत होता आणि मी म्हणत होते, शहाणं बाळ आहे, आईला आराम देतंय. दोन वेळा त्याने दूध अर्धवट सोडलं. दुपारी जेवणं झाल्यावर तू त्याचं डायपर बदलायला घेतलंस आणि ते कोरडं होतं. सकाळचंच होतं आणि कोरडं होतं. तू ते हातात धरून उभी राहिलीस, मी बघितलं. मग काखेत थर्मामीटर लावलास आणि एकशे एक आला. पुन्हा लावलास, तेवढाच. तू दवाखान्यात फोन केलास. पलीकडचा आवाज मला ऐकू येत होता: तीन महिन्यांच्या आतलं बाळ आहे, घरी कसलंही औषध देऊ नका, वाट बघू नका, आत्ताच्या आत्ता घेऊन या.

आणि मी दारात जाऊन उभी राहिले. खरंच उभी राहिले, हात चौकटीला लावून. तुला वाटलं असेल सासूबाई हट्टाला पेटल्या. मी म्हणाले, "तापच तर आहे. पोरं अशीच मोठी होतात." ओल्या फडक्याने अंग पुसून बघू, संध्याकाळपर्यंत थांबू, दवाखान्यात दहा आजारी पोरांमध्ये कशाला नेतेस, असं काय काय बोलत राहिले. तू त्याला दुपट्यात गुंडाळलंस, पिशवी खांद्याला लावलीस आणि माझ्यासमोर येऊन म्हणालीस, "आई, बाजूला व्हा." आवाज चढवला नाहीस. तू माझ्याशी तसं कधी बोलली नव्हतीस. मी बाजूला झाले. जिन्यावरून तुझ्या चपलांचा आवाज खाली जात राहिला, मग खाली टॅक्सीचं दार लागलं.

दोन तास मी तशीच खुर्चीत बसून होते. मग बस पकडून आले. तू वॉर्डातल्या त्या निळ्या पडद्यामागे होतीस. त्याच्या एवढ्याशा हाताला सुई लावून तो हात पट्टीला बांधून ठेवला होता. आखूड केसांच्या त्या डॉक्टरीणबाई तुला समजावत होत्या की लघवीतून जंतू वर मूत्रपिंडापर्यंत गेलेत, सुईतून औषध द्यावं लागेल, थोडे दिवस राहावं लागेल. एवढ्या लहान बाळाला खोकला नाही, रडणं नाही, नुसता ताप आणि सुस्ती, एवढंच काय ते दिसतं, म्हणून कुणी थांबून बघू नये, असंही म्हणाल्या. मग त्या म्हणाल्या, "त्याच दिवशी आणलंत, फार बरं केलंत." मी पडद्याशी उभी होते. मला वाटलं, तू आता माझ्याकडे बघशील. तू बघितलं नाहीस. त्या दिवशी नाही, नंतरही कधी नाही, 'बघितलंत ना' असं तू एका शब्दाने म्हणाली नाहीस. तू भांडली असतीस तर मला सोपं गेलं असतं.

चौथ्या दिवशी ताप उतरला. त्याने डोळे उघडून छताच्या पंख्याकडे बघितलं आणि दूध अख्खं संपवलं. तू बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडलीस, मला कळलं होतं. दहाव्या दिवशी आपण त्याला घरी आणलं. दोनच दिवसांनी मी सांगितलं की दुकानातून बोलावणं आलंय, मला निघायला हवं. दुकानातून कुणी बोलावलं नव्हतं. तुला वाटलं असेल, म्हातारीला राग आला, आपला शब्द खाली पडला म्हणून निघून गेली. तुझ्या नवऱ्यालाही तसंच वाटतंय, त्याच्या बोलण्यावरून कळतं. ते तसं नाही. राग नव्हता गं. त्या घरात बोकोबा हातपाय झाडत होता, हसायला लागला होता, आणि मला ते बघवत नव्हतं. हे वाचून तुला कसंतरी होईल, पण पुढे वाच.

तुझा नवरा माझं पहिलं मूल नाही. त्याच्या आधी दोन वर्षं मला मुलगी झाली होती. तिला आम्ही नुसतं छकुली म्हणायचो, खरं नाव ठरायचं होतं. मी एकवीस वर्षांची होते. घरात माझ्या सासूबाई होत्या, पाच पोरं वाढवलेल्या, आणि मला बाळ धरायचंसुद्धा त्यांनीच शिकवलं. छकुलीला सहाव्या आठवड्यात ताप आला. ती झोपूनच राहायला लागली, दूध पिता पिता मध्येच सोडायची. तिची लंगोटं मी धुवायचे, त्यामुळे ती दिवसभर कोरडी निघतायत हे मला पहिल्यांदा कळलं. मी सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, तापच तर आहे, पोरं अशीच मोठी होतात. हेच शब्द, सूनबाई. चौतीस वर्षं माझ्या आत पडून होते आणि त्या दिवशी दारात माझ्याच तोंडून बाहेर आले, त्याच सुरात. छकुलीला आम्ही तिसऱ्या दिवशी दवाखान्यात नेलं. संध्याकाळपर्यंत ती गेली.

सासूबाई वाईट नव्हत्या. पुढे कितीतरी महिने त्या माझ्याशी डोळे भिडवून बोलल्या नाहीत, आणि एकदा स्वयंपाकघरात माझी वेणी घालता घालता त्यांचे हात थांबले ते थांबलेच. पण बोललं कुणीच नाही. तुझ्या सासऱ्यांनी पाळणा कुणाला तरी देऊन टाकला आणि मला म्हणाले, ती वाचणारच नव्हती, आता तो विषय नको. मी ते धरून ठेवलं. त्याच्यावरच उभी राहिले म्हण ना. तुझा नवरा झाला, वाढला, त्याला आम्ही कधीच सांगितलं नाही. सासूबाई गेल्या, मग तुझे सासरे गेले. आता ती या जगात होती हे माहीत असलेलं माणूस मी एकटीच उरलेय. कुणाजवळ तिचं नाव काढावं तर नावही नाही.

त्या दुपारी मी दारात का उभी राहिले याचा मी इथे बसून खूप विचार केला. जिचं मूल असं गेलंय तिने तर तुझ्याआधी टॅक्सी बोलवायला हवी होती. पण तेवढ्याशा तापाला दवाखान्यात पळायचं असतं हे मी मान्य केलं असतं, तर तेव्हाही पळायला हवं होतं, हे आलंच. मग ती वाचणारच नव्हती, हे राहत नाही. मी तुला अडवत नव्हते गं, त्या विचाराला अडवत होते. आणि मग दहा दिवस वॉर्डात बसून सुईतून थेंब थेंब जाणारं ते औषध बघितलं, आणि तो बरा झाला. मला आनंद झाला नाही असं नाही. पण प्रत्येक थेंबाला वाटायचं, एवढंच हवं होतं. एवढंच.

हे सगळं मी तसंच पोटात ठेवलं असतं. माफी मागायला मी पुढच्या वेळी समोर येईन, ती अशी कागदावर उरकणार नाही. पत्र आज लिहायला घेतलं ते वेगळ्याच कारणाने. वॉर्डात दुसऱ्या दिवशी तू घरी आंघोळीला गेली होतीस तेव्हा डॉक्टरीणबाई फॉर्म घेऊन माझ्याकडे आल्या होत्या. घराण्यात कुणाला लहानपणी मूत्रपिंडाचा त्रास होता का, घरातलं एखादं बाळ लहानपणीच गेलंय का, असं त्यांनी विचारलं. असे दोष काही वेळा घराण्यात चालत येतात, म्हणून विचारतेय, असंही म्हणाल्या. मी नाही म्हणाले. तुम्हाला मुलं किती, तर एक म्हणाले. तोंडाला सवयच तशी झालीय. पुढच्या महिन्यात बोकोबाची पुन्हा तपासणी आहे आणि त्या माझ्या खोट्या उत्तरावर विसंबून बघतील, म्हणून मला झोप लागत नाही. छकुलीच्या वेळच्या डॉक्टरांनी एका चिठ्ठीवर लिहून दिलं होतं, त्यात मूत्रपिंडाचा शब्द आहे, जन्मापासूनचा दोष असावा असंही लिहिलंय. त्या चिठ्ठीची झेरॉक्स सोबत पाठवतेय, ती डॉक्टरांना दाखव. मूळ कागद मी ठेवते, रागावू नकोस, तिचं दुसरं काहीच माझ्याकडे नाही. तपासणीची वाट न बघता हे पत्र मिळेल त्याच दिवशी त्यांना फोन कर. नवऱ्याला तू सांगायचं की मी, ते तू ठरव. आणि त्या फॉर्मवर माझ्या नावापुढे मुलं एक असं लिहिलंय ना, ते खोड. दोन लिही.

तुझीच,
बोकोबाची आजी आणि छकुलीचीही,
आई